उपाशी म्हणायला हवं होतं

"ऐका हो, ऐका. या उपवास करून आल्यात. आणि उपवासाला खाल्लं काय, तर साबुदाण्याची खिचडी!"

डॉक्टरबाईंनी हे खुर्चीतून उठून, केबिनचं दार उघडून, बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटना सांगितलं. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, म्हणजे कुणी हसायचं राहू नये. सगळे हसले. रक्त काढणारी मुलगी तोंडावर हात धरून हसली. आई माझ्याशेजारी उभी होती. सगळे हसतात म्हणजे आपणही हसायचं असतं, असं तिला वाटलं असावं. तीही हसली.

"रिकाम्या पोटी रक्त द्यायचं, एवढं साधं कळत नाही? कुठून येता हो तुम्ही लोक?"

"हनुमंतनगरातून, अक्का," आई म्हणाली. तिला वाटलं पत्ता विचारला.

"अक्का नाही. डॉक्टर म्हणायचं."

"सरी, डॉक्टर. स्वल्पच खाल्ली हो तिनं. सगळं उपवासाचंच होतं. मीठ बी सैंधव."

"स्वल्प! सरी! हे कुठलं मराठी?" बाईंनी कपाळाला हात लावला. कन्नडमधलं 'थोडं' आणि 'बरं' आमच्या मराठीत असंच येतं. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? पीयूसी झालीयस ना? मघाशी विचारलं तर म्हणालीस, काही खाल्लं नाही. खोटारडी."

म्हणाले होते. बाईंनी विचारलं तेव्हा मी मान हलवून 'काही नाही' म्हणाले होते, आणि आईनं भाबडेपणानं खिचडीचं सांगून टाकलं होतं. आता सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले. आणि मी म्हणाले,

"मी सांगितलं होतं आईला. तिला कळत नाही. अडाणी आहे ती."

आईचं हसणं थांबलं.

हे वाक्य माझं आहे. बाईंचं नाही. बाईंवर मला पुष्कळ राग आहे आणि तो मी पुढे सांगणारच आहे, पण त्या दवाखान्यात त्या दिवशी सर्वांत वाईट जे बोललं गेलं ते मी बोलले. खरं काय होतं तेही सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, पीयूसी म्हणजे इकडची बारावी झालेली. आमची माणसं बेंगळुरात कधी आली हे कुणालाच धड सांगता येत नाही. शहाजीराजांच्या मागून आलो, असं थोरले सांगतात. राजांच्या मागून येऊन आम्ही काय केलं, तर कपडे शिवले. वडील टेलर होते. साखरेनं गेले. आधी पायाचा अंगठा, मग पाय, मग ते. आई घरोघरच्या साड्यांना फॉल लावायची आणि ब्लाउजांना हुक. मी बोम्मसंद्र्याला एका कपड्यांच्या कारखान्यात कॉलरच्या लाइनवर मशीन चालवायचे.

कायम करण्याआधी कारखान्यात सगळ्या मुलींची तपासणी झाली. माझ्या लघवीत साखर निघाली. ऑफिसातून सांगितलं, चांगल्या डॉक्टरकडे जा, साखर आटोक्यात आहे असं पत्र आण, मग कायम करू. म्हणजे माझी नोकरी त्या एका पत्रावर होती. आईनं बसवनगुडीत फॉलच्या साड्या देता घेता एक पाटी पाहिली होती. पाटीवर मराठी आडनाव. "आपली माणसं आहेत गे," ती म्हणाली. "नीट बघतील." बाई पुण्याच्या. लग्न होऊन इकडे आल्या होत्या. आपली माणसं म्हणून आम्ही तिथं गेलो.

पहिल्या दिवशी रक्त काढणारी मुलगी मला कन्नडमध्ये म्हणाली, "नाळे खाली होट्टेयल्लि बा." उद्या रिकाम्या पोटानं ये. मला कन्नड मराठीइतकंच येतं. मला समजलं होतं. शंभर टक्के समजलं होतं.

घरी येऊन हे आईला मराठीत सांगायचं होतं. मराठीत त्याला शब्द आहे, उपाशी. पण आमच्या घरात उपाशी हा शब्द कुणी उच्चारत नाही. उपाशी घराबाहेर पडू नये, उपाशी झोपू नये, दारात आलेल्याला उपाशी पाठवू नये. आईचं लहानपण खरोखर उपाशी गेलेलं. 'उद्या मी उपाशी जाणार' असं म्हटलं असतं तर ती भांडली असती. ते टाळायला मी म्हणाले, "उद्या उपवास करून जायचंय."

आता उपवास म्हटल्यावर मराठी आई काय करणार? पहाटे पाचला उठली. साबुदाणा रात्रीच भिजत घातलेला. दाण्याचं कूट, बटाटा, जिरं, वर चिमूटभर साखर. शेजारचे आचार नावाचे कन्नड ब्राह्मण एकादशीला पाणीसुद्धा घेत नाहीत, त्यांच्याकडे उपवास म्हणजे उपवास. आमच्याकडे उपवास म्हणजे रोजच्यापेक्षा चांगलं जेवण. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

तिनं ताटली समोर ठेवली. मी ताटलीकडे पाहिलं. मला माहीत होतं. हे खाल्लं तर पोट रिकामं राहत नाही, हे कळायला पीयूसी लागत नाही. पण भूक लागली होती. वास आला होता. आणि ती पाचला उठली होती. एकदा 'नको' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? ती हिरमुसली असती एवढंच. मी खाल्ली. परत वाढून घेतली.

आणि तीन तासांनी म्हणाले, मी सांगितलं होतं, ती अडाणी आहे. करून सवरून नामानिराळी.

त्या दिवसापासून घरात एक गोष्ट बदलली. आई मला वाढेना. भात, सारू म्हणजे सार, पल्या म्हणजे भाजी, सगळं रांधायची, भांडी समोर आणून ठेवायची आणि म्हणायची, "तुझं तू घे." मी वाढायला सांगितलं तर म्हणायची, "माझ्या हाताला कळत नाही." वडील तिच्या हातचं जेवले, आणि गेले. आता मुलगी. असं तिच्या मनात बसलं होतं, हे मला दिसत होतं. ते मी बसवलं होतं. तोंड उघडायला दोन मिनिटं लागली असती. मी ती दोन मिनिटं चार महिने पुढे ढकलली.

दवाखान्यात मात्र मी दर महिन्याला जायचे. एकटी. आई पुन्हा आली नाही. माझ्या कार्डाच्या कोपऱ्यात बाईंनी लाल शाईनं 'खिचडी' लिहून ठेवलं होतं. रिसेप्शनवरची मुलगी माझं नाव न घेता त्याच नावानं हाक मारायची. बाकावरचे नवे पेशंट विचारायचे, खिचडी का? ती सांगायची. आणि मी? मी हसायचे. स्वतःच्या आईवर केलेल्या विनोदाला चार महिने मी हसले. कारण त्या हसण्यात मी बाईंच्या बाजूची वाटायचे. पीयूसी झालेली. कळणारी.

पण हसून फायदा काही झाला नाही. त्यानंतर मी दर वेळी खरोखर उपाशी गेले. आदल्या सायंकाळी सातनंतर पाण्याशिवाय काही नाही. तरी सकाळचा आकडा वरच. एकशे ऐंशी, एकशे नव्वद.

"पुन्हा खिचडी?" बाई विचारायच्या.

"नाही डॉक्टर. काहीच नाही खाल्लं."

"तुमच्याकडे काहीच नाही म्हणजे काय, ते मला माहीत आहे."

आणि गोळी वाढवायच्या. एकाची दीड. दीडची दोन. या वयात साखर म्हणजे जिभेवर ताबा नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. म्हातारपणाचा रोग तरण्या मुलीला झाला तर ती हावरी असणार. आणि हनुमंतनगरच्या गल्लीतली असेल तर खोटारडीही असणार. एकदा खोटं बोलले होते खरी. त्या एका खोट्यापायी माझं पुढचं सगळं खरंही खोट्यात गेलं.

गोळी दोन झाल्यावर कारखान्यात मला काहीतरी व्हायला लागलं. सकाळी सहाला दोन घास आणि गोळी, मग जे. पी. नगरच्या वळणावर कंपनीची गाडी, मग लाइन. जेवणाची सुट्टी एकला. बारा वाजून गेले की घाम फुटायचा. हात कापायचे. कॉलरची टीप वाकडी जायची. सुपरवायझर ओरडायचा. एक दिवस मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली आणि आत तुटली.

कारखान्याच्या प्रथमोपचाराच्या खोलीत एक सिस्टर होती. हासनकडची, पन्नाशीची, तोंडाची फटकळ. तिनं चिमट्यानं सुई काढली. माझा घाम बघितला. हातातलं थरथरणं बघितलं. मग कपाटातून साबणवडीएवढं एक यंत्र काढलं. कुठल्याशा कंपनीचा माणूस नमुना म्हणून ते आणि पट्ट्यांचे दोन डबे ठेवून गेला होता, वापरून बघा म्हणून. सुई गेलेल्या बोटाशेजारच्या बोटाचा एक थेंब पट्टीवर. पाऊण मिनिट थांबलो. आकडा आला बावन्न.

सिस्टर चहात चार चमचे साखर घालून घेऊन आली. मी म्हणाले, मला साखर चालत नाही. ती कन्नडमध्ये म्हणाली, "गप पी. आत्ता तुला साखरच नाही."

अर्ध्या तासानं अंग थाऱ्यावर आल्यावर तिनं मला बसवून विचारलं, डॉक्टर किती वेळा तपासतात? महिन्यातून एकदा, सकाळी, मी सांगितलं. ती म्हणाली, "महिन्यातून एकदा तुझ्या घरात डोकावलं तर मला काय कळणार? कुणी झोपलेलं असेल, कुणी भांडत असेल. दिवसभर बघायला पाहिजे." आणि तिनं ते यंत्र मला तीन दिवस दिलं. दर दोन तासांनी बोट टोच. वहीत लिही. वेळ, आकडा, काय खाल्लं. खोटं लिहिलंस तर तूच मरशील, असंही म्हणाली.

आता माझ्या दंडावर बटणाएवढी चकती असते. ती दर पाच मिनिटांनी आकडा सांगते, टोचावं लागत नाही, आणि माझ्या भाचीच्या वयाच्या मुली ती मिरवत कॉलेजात जातात. त्या वेळी माझं यंत्र म्हणजे माझी दहा बोटं. तीन दिवसांत एकही धड राहिलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल जे लिहिलं जात होतं ते मी लिहीत होते.

तिसरा दिवस रविवार. घरी होते. सकाळी सहाला उठून, तोंड न धुता, बोट टोचलं. आई दारात उभी राहून बघत होती.

"काय म्हणतंय ते?"

"एकशे शहाऐंशी."

"काय खाल्लंस?"

"काही नाही. रात्री आठला ज्वारीची भाकरी, तेवढीच."

आई जवळ आली. आकड्याकडे बघत राहिली. आकडे तिला वाचता यायचे. चाळीस वर्षं टेपवर मापं वाचत आलेली बाई ती. "म्हणजे काहीच नाही खाल्लं तरी चढते?"

"हो."

"आपोआप?"

"आपोआप. आतूनच."

 तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. त्या दिवशीही मग आपोआपच चढली असेल का, सगळीच माझ्या खिचडीनं नसेल ना चढली, एवढंच तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. मी सांगायला हवं होतं. आई, चूक तुझी नव्हती, शब्द मी चुकीचा वापरला, आणि चुकीचा आहे हे कळून खाल्लं. तोंडाशी आलं होतं. वही शोधते, असं म्हणून मी आत गेले. वही माझ्या हातातच होती.

सोमवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून दवाखान्यात गेले. वही पिशवीत. त्या दिवशी बाईंच्या शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर बसले होते. मी आत गेले तशा बाई त्यांना इंग्रजीत म्हणाल्या, हीच ती, आमची खिचडी. मग मजा सांगायला लागल्या. सुरुवातीपासून. हिची आई इथं उभी होती आणि मी विचारलं कुठून येता, तर म्हणते हनुमंतनगर. दोघं हसले. माझ्याकडे बघून हसले, म्हणजे मीही हसावं.

मला हसू आलं नाही. खूप प्रयत्न केला असता तर आलंही असतं, चार महिन्यांची सवय होती. पण डोळ्यांसमोर दारात उभी आई होती. आपोआप? असं विचारणारी.

मी म्हणाले, "डॉक्टर, आईला मी उपवास सांगितला होता. उपाशी सांगितलं नव्हतं. मला रिकामं पोट कळलं होतं. मी मुद्दाम खाल्लं आणि तुमच्यापुढे खोटं बोलले. आई खरं बोलली. इथं त्या दिवशी खरं बोलणारी ती एकटीच होती."

बाई म्हणाल्या, "बरं, मग?"

"मग तिच्यावर हसू नका."

शिकाऊ डॉक्टरांपैकी एकानं मान खाली घातली. मी वही टेबलावर ठेवली. उघडून दाखवली. सकाळी न खाता चढते. दुपारी बारानंतर उतरते, बावन्न, सत्तावन्न, तीन दिवसांपैकी दोन दिवस. गोळी वाढवली तर मी मशीनवर पडेन. मला वाटलं होतं बाई वाचतील. वाचणाऱ्या बाई होत्या त्या. भिंतीवर चार पदव्या होत्या.

त्यांनी वही एका बोटानं माझ्याकडे परत सरकवली. "हे कुणी सांगितलं करायला? आता तूच डॉक्टर? उद्यापासून अडीच गोळ्या. आणि ही नाटकं बंद, नाहीतर पत्र मिळणार नाही."

"अडीच मी घेणार नाही."

"मग इथं यायचं नाही."

"नाही येणार. माझं कार्ड द्या."

कार्ड दवाखान्याचं असतं, असं त्या म्हणाल्या. मी म्हणाले, नाव माझं आहे, रक्त माझं आहे. कार्ड दिलं नाही. वही घेऊन मी बाहेर पडले. बाकावर सात माणसं होती. दारातून सगळं ऐकू गेलेलं. 

शूर वगैरे काही वाटलं नाही मला. रस्त्यावर येऊन मी रडले, आणि रडताना मला नीट कळत होतं की हे चार महिने उशिरा केलंय, आणि जिच्यासमोर करायला हवं होतं ती तिथं नव्हती.

घरी आई फॉल लावत बसली होती. मी समोर बसले आणि सांगितलं. सगळं. खाली होट्टे ऐकलं होतं इथपासून. ती मान वर न करता ऐकत होती. टाके चालूच.

"ताट बघितलंस तेव्हाच तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि परत वाढून घेतलंस?"

"हो."

तिनं दोरा दातानं तोडला. "मग चार महिने मला कशाला जाळलंस गे?"

मी म्हणाले, "माफ कर." ती उठून आत गेली. सायंकाळी भांडी समोर आणून ठेवली. वाढलं नाही. मीच घेतलं.

पंधरा दिवसांनी कारखान्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. बाईंचं पत्र आलं होतं, मला न देता परस्पर. पेशंट औषध घेत नाही, उद्धट आहे, तिच्या साखरेची जबाबदारी आपल्यावर नाही. साहेब वाईट माणूस नव्हता. समजुतीनं बोलला. कायम करायच्या यादीत तुझं नाव आहे, म्हणाला. काम चांगलं आहे तुझं. डॉक्टरांकडे जा, 'सॉरी' म्हण, दुसरं पत्र आण. एका शब्दाचं काम आहे.

मी त्याच्यापुढे वही ठेवली. सिस्टरनं खाली सही केली होती. मधल्या दिवसांत मी सरकारी दवाखान्यात गेले होते, तिथल्या तरण्या डॉक्टरनं ती वही पंधरा मिनिटं वाचली होती, गोळी पुन्हा एक केली होती, आणि साडेदहाला काहीतरी खायला सांगितलं होतं. त्याचा कागदही ठेवला. म्हणाले, हे बघा, त्यानंतर एकदाही हात कापला नाही, टीप वाकडी गेलेली नाही. साहेब म्हणाला, कंपनी या कागदावर चालत नाही, बसवनगुडीच्या पत्रावर चालते. सॉरी म्हण, संपलं.

"नाही म्हणणार."

"का? एवढा कसला माज?"

मी म्हणाले, "माफी मला मागायची आहे, साहेब. एका बाईची. तिची रोज मागते. ती अजून देत नाही आणि दिली नाही तरी तिचं बरोबर आहे. पण ती बाई ही नव्हे."

साहेबानं यादीवर माझ्या नावावरून रेघ मारली. माझ्यासमोर मारली. मी वही उचलली आणि लाइनवर परत गेले, कारण दिवस संपायला अजून चार तास होते आणि तेवढ्या कामावर माझा हक्क होता.